कोर्टातले शब्द आणि अपिलाची भानगड: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

मी वकील नाही हे आधीच सांगतो. वडिलांचा शेजाऱ्याशी बांधाचा दावा होता, त्याच्या तारखांना मी कॉलेजात असल्यापासून जायचो, आणि नंतर चार वर्षं एका वकिलांकडे टायपिंगला होतो, त्यामुळे कोर्टाची भाषा अंगवळणी पडली. आता गावातलं कुणी ना कुणी नोटीस घेऊन येतंच, "हे काय लिहिलंय बघ रे" म्हणत, आणि प्रश्न साधारण तेच तेच असतात. म्हणून एकदाचं लिहून टाकतोय. सगळं महाराष्ट्रातल्या कोर्टांपुरतं धरा. तुमच्या केसमध्ये काय करायचं ते तुमच्या वकिलालाच विचारा, मी फक्त शब्द सोडवून सांगतो.

नोटिशीत माझं नाव रिस्पॉन्डन्ट म्हणून आलंय, मी तर वादी होतो ना? चूक झालीय का?

चूक नाही. कोर्टात नाव तेच राहतं, बिरुद बदलत जातं. दिवाणी दावा लावणारा वादी, ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी. निकालानंतर जो हरला आणि वर गेला तो अपिलार्थी, कोर्टात सगळे अपेलंटच म्हणतात, आणि समोरचा रिस्पॉन्डन्ट, मराठी कागदावर उत्तरवादी किंवा जाबदेणार. म्हणजे तुम्ही वादी म्हणून जिंकलात आणि शेजाऱ्याने अपील केलं की तुम्ही रिस्पॉन्डन्ट झालात. कंसात किंवा खाली 'मूळ वादी', 'मूळ प्रतिवादी' असं लिहिलेलं असतं ते शोधा म्हणजे डोकं जागेवर येईल. निकालाची अंमलबजावणी मागितली की पुन्हा नाव बदलतं, दरखास्तदार आणि सामनेवाला. नुसता अर्ज असेल तर अर्जदार, रिट असेल तर याचिकाकर्ता.

फौजदारीत वेगळीच तऱ्हा. पोलीस स्टेशनला फिर्याद तुम्ही दिली तरी खटला तुमचा नसतो, तो "महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक" असा चालतो आणि तुम्ही त्यात साक्षीदार असता. हे लोकांना फार लागतं, मार मी खाल्ला आणि वकील सरकारचा कसा. स्वतःचा वकील तुम्ही सरकारी वकिलाच्या मदतीला देऊ शकता पण खटला चालवणार सरकारी वकीलच. चेक बाउन्ससारखी खाजगी तक्रार असली तर मात्र फिर्यादी तुम्ही स्वतः.

आरसीएस, आरसीए, आरसीसी ही काय अक्षरं आहेत?

केसचा प्रकार. आरसीएस म्हणजे रेग्युलर सिव्हिल सूट, नेहमीचा दिवाणी दावा. एससीएस म्हणजे स्पेशल सिव्हिल सूट, तो वरिष्ठ स्तर न्यायाधीशांकडे. आरसीए म्हणजे जिल्हा कोर्टातलं दिवाणी अपील, एमसीए म्हणजे किरकोळ दिवाणी अपील (नाव किरकोळ आहे, आत मनाई हुकमासारखी मोठी भांडणं असतात), आरडी म्हणजे दरखास्त. फौजदारीत आरसीसी म्हणजे रेग्युलर क्रिमिनल केस आणि एससीसी म्हणजे समरी क्रिमिनल केस. हायकोर्टात डब्ल्यूपी म्हणजे रिट, एसए म्हणजे सेकंड अपील.

पण खरं सांगू का, ही अक्षरं विसरलात तरी चालेल, सीएनआर नंबर विसरू नका. सोळा आकडी-अक्षरी नंबर असतो, महाराष्ट्रातल्या तालुका-जिल्हा कोर्टाचा असेल तर सुरुवात एमएच ने होते. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, मागच्या तारखांना काय झालं, बऱ्याच वेळा आदेशाची पीडीएफसुद्धा मोबाईलवर दिसते. आमच्या वेळी हे नव्हतं, एसटीने तालुक्याला जायचं, बोर्डावर आपला नंबर शोधायचा, दुपारी कळायचं साहेब रजेवर आहेत.

'से' दाखल करा म्हणतात, पुरसिस द्या म्हणतात, निशाणी पाच म्हणतात. हे कुठल्या पुस्तकात मिळेल?

पुस्तकात कमी, कोर्टाच्या व्हरांड्यात जास्त. 'से' म्हणजे म्हणणे. एका बाजूने अर्ज दिला की साहेब त्यावर "अदर साइड टू से" असं लिहितात, म्हणजे समोरच्याचं म्हणणं येऊ दे मग बघू. तुमचा से वेळेत गेला नाही तर अर्ज तुमचं न ऐकताच निकाली निघू शकतो, म्हणून "काही नाही, नुसता से द्यायचाय" यावर जाऊ नका.

पुरसिस म्हणजे एखादी गोष्ट कोर्टाला कळवायचा साधा कागद. आमचा पुरावा संपला, आमची तडजोड झाली, आम्हाला हा अर्ज चालवायचा नाही, असलं काहीही. त्यात मागणी नसते, कळवणं असतं. पण "पुरावा संपला" अशी पुरसिस एकदा गेली की मागाहून साक्षीदार आठवला तर परवानगीचा अर्ज करत बसावं लागतं, आणि ती मिळेलच असं नाही.

निशाणी म्हणजे फाईलमधल्या कागदाला पडलेला नंबर, कुणी एक्झिबिट म्हणतं. वादपत्र, म्हणजे वादीने दावा लावताना दिलेला मूळ कागद, निशाणी एक. आणि दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाई हुकमाचा जो अर्ज जातो त्याला आपल्याकडे निशाणी पाच पडते, म्हणून "निशाणी पाचचं काय झालं?" याचा अर्थ मनाई मिळाली का. दावा चालायला वर्षानुवर्षं लागतात, तोवर जागेवर काय होणार हे निशाणी पाचच्या आदेशावर ठरतं, त्यामुळे अर्धी लढाई तिथेच होते असं आमचे वकील म्हणायचे. त्या आदेशावर नाराज असाल तर जिल्हा कोर्टात एमसीए.

समन्स आलंय, कैफियत द्यायला किती दिवस?

कैफियत म्हणजे वादपत्राला तुमचं लेखी उत्तर. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, आणि कारण सांगून कोर्टाने वाढवून दिले तर ९० दिवसांपर्यंत. नाही दिली तर 'नो डब्ल्यूएस' (डब्ल्यूएस म्हणजे रिटन स्टेटमेंट, कैफियतच) आदेश होतो, म्हणजे दावा तुमच्या कैफियतीशिवाय पुढे चालला. हजरच झाला नाहीत तर एकतर्फी. दोन्ही आदेश रद्द करून घेता येतात, खर्च भरून, विनवण्या करून, पण प्रत्येक वेळी दोन-चार तारखा जातात. एकतर्फी हुकूमनामाच झाला असेल तर तो रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत, समन्सच नीट बजावलं नसेल तर तुम्हाला कळल्यापासून ३० दिवस.

आणि समन्स घ्यायचं नाही, बेलिफ (समन्स बजावणारा कोर्टाचा माणूस) आला की मागच्या दाराने शेतात जायचं, हा गावाकडचा उपाय बंद करा. नाकारलं तरी बजावणी झाली असंच धरतात.

सरतपास, उलटतपास, फेरतपास?

तुमच्याच बाजूने साक्षीदार जे सांगतो ती सरतपास, हल्ली दिवाणीत ती शपथपत्रावर लिहून देतात. समोरचा वकील खोदून विचारतो ती उलटतपास. त्यातून काही घोळ झाला तर तुमचा वकील परत दोन प्रश्न विचारतो ती फेरतपास. आधी सांगितलेलं साक्षीदार कोर्टात फिरवू लागला की तो फितूर.

निकाल, आदेश, हुकूमनामा यात फरक आहे का? सगळे एकच शब्द वापरतात.

आहे, आणि अपिलाला गेलात की तो फरक अंगावर येतो. निकालपत्र म्हणजे साहेबांनी कारणं देऊन लिहिलेला निर्णय, पाच पानं असो नाहीतर पन्नास. त्यातून शेवटी जे ठरलं, म्हणजे दावा मंजूर की नामंजूर, कुणी कुणाला काय द्यायचं, त्याचा वेगळा कागद निघतो तो हुकूमनामा, म्हणजे डिक्री. दावा चालू असताना अर्जांवर जे छोटे निर्णय होतात ते आदेश. हुकूमनाम्याविरुद्ध अपील करता येतं, आदेशांचं तसं नाही, कायद्यात जे मोजके आदेश दिलेत त्यांच्यावरच अपील, बाकीच्यांसाठी रिव्हिजन किंवा रिट. आणि तडजोडीने जो हुकूमनामा झाला त्यावर अपील नाही, तुम्हीच सही केलीय ना.

अपील म्हणजे केस परत पहिल्यापासून चालते का? नवीन साक्षीदार आणता येतील का?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. अपिलात साक्षीदार परत पिंजऱ्यात उभे राहत नाहीत. खालच्या कोर्टातून सगळी फाईल मागवतात, त्याला आर अँड पी म्हणतात, आणि त्याच कागदांवर दोन्ही वकील बोलतात. पहिल्या अपिलात कोर्ट पुरावा पुन्हा तपासू शकतं, साक्षीदारावर विश्वास का ठेवला का नाही ठेवला सगळं बघतं, म्हणून पहिलं अपील हा खरा जोरकस हक्क आहे. पण खाली जो कागद दाखलच केला नाही तो वर दाखल करायचा तर खास परवानगी लागते, आणि "तेव्हा सापडला नाही" एवढं सांगून ती सहसा मिळत नाही. काका लोक म्हणतात "खाली जाऊ दे, वर बघून घेऊ". वर बघायला खाली काहीतरी ठेवलेलं तर पाहिजे.

अपिलाची मुदत किती? निकालाची कॉपी घरी आल्यापासून धरायची ना?

नाही! कॉपी घरी येत नाही. मुदत निकालाच्या तारखेपासून चालू होते, तुम्ही कोर्टात होतात की नव्हतात, वकिलाने फोन केला की नाही केला, याच्याशी घड्याळाला देणंघेणं नाही. दिवाणी अपील जिल्हा कोर्टात ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. फौजदारीत शिक्षेविरुद्ध हायकोर्टात ६० दिवस, इतर कोर्टात ३०, फाशीच्या शिक्षेला ३०.

आता यातली सूट. सहीशिक्क्याची नक्कल मागितल्यापासून ती तयार होईपर्यंत जे दिवस जातात ते मुदतीतून वगळतात. म्हणून निकाल लागला त्याच दिवशी, घरी जायच्या आधी, नक्कल विभागात अर्ज टाकायचा. नकलेच्या शेवटच्या पानावर तीन तारखा असतात, अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, त्यावरूनच हिशोब होतो. पण मुदत संपल्यावर अर्ज केलात तर ही सूट कामाची नाही, जे दिवस आधीच गेले ते गेले.

आमचं इथेच फसलं. खालच्या कोर्टात आमचा दावा नामंजूर झाला त्या दिवशी वकील दुसऱ्या तालुक्याला होते, वडील कोर्टात होते पण त्यांना इंग्रजी कळलं नाही आणि शिपायाला विचारलं तर तो म्हणाला "निकाल झाला", वडिलांना वाटलं आता पोस्टाने येईल. आम्ही दोन महिने पोस्टमनची वाट बघितली, खरंच बघितली. मग विलंब माफीचा अर्ज करावा लागला. उशिराला सबळ कारण असेल तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली कोर्ट उशीर माफ करू शकतं, त्याला सगळे डिले कंडोन म्हणतात. आमचा अर्ज मंजूर झाला, दोन हजार रुपये खर्च समोरच्याला द्यायच्या अटीवर, पण त्या एका अर्जात दीड वर्ष गेलं, आणि तोवर अपिलाला नंबरसुद्धा पडला नव्हता. शेजारी त्या पट्ट्यात ऊस लावून मोकळा.

अपील दाखल केलं म्हणजे स्टे लागला ना?

नाही नाही नाही. हे मी दर महिन्याला कुणाला तरी सांगतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत, १९०८ चा कायदा आहे, स्पष्ट लिहिलंय की नुसतं अपील केल्याने खालचा हुकूमनामा थांबत नाही. स्टेचा वेगळा अर्ज करावा लागतो, नुकसान काय होणार ते दाखवावं लागतं, पैशाचा हुकूमनामा असेल तर बहुतेक वेळा रक्कम किंवा तिचा भाग भरायला लावतात. चेक बाउन्सच्या शिक्षेवर अपील केलं तर अपील कोर्ट खाली ठरलेल्या दंड-भरपाईच्या कमीत कमी २० टक्के भरायला सांगू शकतं, २०१८ च्या दुरुस्तीपासून.

शब्दांमध्येही गल्लत होते. स्टे म्हणजे कोर्टाच्या आदेशाला स्थगिती. मनाई हुकूम म्हणजे माणसाला मनाई, तू हे करू नकोस. जैसे थे म्हणजे आज जागेवर जे आहे ते तसंच ठेवा, आणि आज जागेवर नक्की काय आहे यावर लगेच पुढचं भांडण चालू होतं, म्हणून जैसे थे मिळाला की त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

अजून एक विचारतात, सहा महिन्यांनी स्टे आपोआप उठतो का? २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने तसं म्हटलं होतं खरं, त्यावर लोकांनी भरपूर धावपळ केली, पण २९ फेब्रुवारी २०२४ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते बाजूला ठेवलं. त्यामुळे आता कुणी "सहा महिने झाले, स्टे गेला" म्हणाला तर ऐकून सोडून द्या.

आणि तुम्ही जिंकलेले असाल तर उलटं करा, वरच्या कोर्टात कॅव्हेट टाका. कॅव्हेट म्हणजे आगाऊ सूचना, की समोरचा स्टे मागायला आला तर मला ऐकल्याशिवाय देऊ नका. ९० दिवस चालतं, मग परत टाकायचं. खर्च अगदी थोडा.

अपील, रिव्हिजन, रिव्ह्यू, रिट, रेफरन्स... कशात काय?

अपील: निर्णयच चुकलाय, वरच्या कोर्टाने तपासा. कायद्याने दिलं असेल तरच मिळतं.

रिव्हिजन म्हणजे पुनरीक्षण: खालच्या कोर्टाने अधिकाराबाहेर काही केलं, किंवा असलेला अधिकार वापरलाच नाही. त्यात पुरावा परत तोलत बसत नाहीत.

रिव्ह्यू म्हणजे पुनर्विलोकन: त्याच कोर्टाला सांगायचं की साहेब कागदावर उघड दिसणारी चूक राहिलीय, किंवा असा पुरावा सापडलाय जो प्रयत्न करूनही आधी मिळणं शक्य नव्हतं. मुदत ३० दिवस. "मला निकाल पटला नाही" हे रिव्ह्यूचं कारण नाही, तरी निम्मे रिव्ह्यू त्याच कारणाने टाकलेले असतात असं टाइप करताना मला वाटायचं.

रिट: राज्यघटनेच्या २२६ आणि २२७ खाली हायकोर्टात. सरकारी कार्यालयाचा, ट्रिब्युनलचा, खालच्या कोर्टाचा आदेश जिथे अपील नाही तिथे हा रस्ता. आधी दुसरा उपाय होता का, तो का नाही केला, हे पहिल्याच तारखेला विचारतात.

रेफरन्स म्हणजे खालच्या कोर्टाने स्वतःहून प्रकरण वर पाठवणं. हा शब्द आता फारसा कानावर येत नाही, पण नानावटी खटला ज्यांना माहितीय त्यांना लगेच कळेल. १९५९ साली मुंबईत नौदलाचे कमांडर के. एम. नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला, ज्युरीने ८ विरुद्ध १ असा 'निर्दोष' कौल दिला, सत्र न्यायाधीशांना तो पटला नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई हायकोर्टाकडे रेफर केलं. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये दोषी ठरवून जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९६१ मध्ये ती कायम केली, आणि शेवटी राज्यपालांनी माफी दिली. माफी हा परत वेगळा प्रकार, ती कोर्ट देत नाही. बघा, एकाच खटल्यात रेफरन्स, अपील आणि माफी तिन्ही येऊन गेले. आजही सत्र न्यायालयाने फाशी दिली की हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही, आरोपीने अपील केलं नाही तरी प्रकरण आपोआप वर जातं.

सेकंड अपील 'ॲडमिट' झालं म्हणजे आम्ही जिंकलो का?

जिंकला नाहीत, दार उघडलं. सेकंड अपील हायकोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० खाली होतं आणि तिथे "साक्षीदार खोटं बोलला" हे ऐकत नाहीत, फक्त कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर बोला. तो प्रश्न आहे असं वाटलं तर कोर्ट तो लिहून काढतं आणि अपील ॲडमिट करतं, म्हणजे पुढे कधीतरी पूर्ण सुनावणी होईल. नसेल तर ॲडमिशनलाच फेटाळतं. आमच्या शेजाऱ्याचं तसंच झालं. जिल्हा कोर्टात आमचं अपील मंजूर झालं होतं, तो हायकोर्टात गेला, आणि वीस मिनिटांत बाहेर. त्या वीस मिनिटांसाठी वडील आणि मी रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो होतो, फोर्टातल्या त्या दगडी इमारतीत आपला कोर्टरूम शोधण्यातच तास गेला.

मग आता आमच्या जिल्ह्याचं कुठे जातं? मुंबई का कोल्हापूर?

कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, या सहा जिल्ह्यांचं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे, १८ ऑगस्ट २०२५ पासून. विदर्भाचं नागपूरला, मराठवाड्याचं छत्रपती संभाजीनगरला (तिकडे काही शेजारचे जिल्हेही जोडलेत), गोव्याचं गोवा खंडपीठाकडे. बाकी मुंबई. कोर्ट एकच, मुंबई हायकोर्ट, १८६२ पासूनचं, बसायच्या जागा वेगळ्या. कोल्हापूरसाठी वकिलांनी आणि लोकांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, आणि रात्रीची गाडी पकडून एका तारखेला मुंबईला गेलेल्या कुणालाही ती का केली ते विचारायला नको.

'रिमांड' म्हणजे अटक ना? मग आमच्या जमिनीच्या केसमध्ये रिमांड कसा?

दोन वेगळे रिमांड आहेत. एक पोलिसांचा: अटकेनंतर २४ तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे आणायचं आणि कोठडी मागायची. पोलीस कोठडीला बोलताना पीसीआर म्हणतात, न्यायालयीन कोठडीला एमसीआर. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १ जुलै २०२४ पासून लागू झाली ती, पोलीस कोठडी एकूण १५ दिवसच, पण ते दिवस सुरुवातीच्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेता येतात. आणि ६० किंवा ९० दिवसांत, गुन्ह्याप्रमाणे, दोषारोपपत्र नाही आलं तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

दुसरा रिमांड अपिलातला: वरच्या कोर्टाने म्हणायचं की खालच्या कोर्टाने हा मुद्दा ठरवलाच नाही, परत पाठवा, परत ठरवा. जमिनीच्या केसमध्ये हा. कुणी अटक होत नाही, फक्त केस तुमच्याच तालुक्याला परत येते. वकिलाने हा शब्द उच्चारला की घरातल्या बायकांनी रडायला सुरुवात केली असं एकदा आमच्या ऑफिसात झालंय, त्यामुळे हसू नका.

जामीन मिळाला म्हणजे सुटला? शिक्षा स्थगित झाली म्हणजे निर्दोष?

दोन्ही नाही. जामीन म्हणजे खटला चालेपर्यंत बाहेर राहायची मुभा, जामीनदार देऊन किंवा जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर. अटकेच्या आधीच मागितला तर अटकपूर्व. दोषमुक्त म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावाच नाही म्हणून आधीच वगळलं. निर्दोष मुक्तता म्हणजे खटला चालून सुटला.

शिक्षा झाल्यावर अपिलात जे होतं ते बारीक आहे. शिक्षेला स्थगिती म्हणजे तुरुंगात जायचं तूर्त थांबलं, पण माणूस दोषी ठरलेलाच आहे. दोषसिद्धीला स्थगिती ही वेगळी मागावी लागते आणि क्वचित मिळते. राहुल गांधींचं २०२३ चं प्रकरण आठवा: सुरतच्या कोर्टाने मार्चमध्ये दोन वर्षांची शिक्षा दिली, अपिलात जामीन मिळाला, शिक्षा थांबली, तरी खासदारकी गेलेली ती गेलेलीच, कारण दोषसिद्धी उभी होती. ४ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीला स्थगिती दिली तेव्हा कुठे ती परत आली. बाजू कुठलीही घ्या, शब्दाचा फरक कळायला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

प्रांताकडे अपील केलंय, मग ते कोर्टच झालं ना?

ते महसूलचं अपील. सातबारा, फेरफार, वारसनोंद ही लाईन वेगळी, मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी, आयुक्त अशी वर जाते, १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली. जिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर मुदत ६० दिवस, नाहीतर ९०. लक्षात ठेवायची गोष्ट अशी की फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी ठरली असं नाही, नोंद ही मुख्यतः महसुलासाठी आहे, मालकीचं भांडण दिवाणी कोर्टातच मिटतं. मी अशी दोन भावंडं बघितलीत जी प्रांत-आयुक्त करत दहा वर्षं फिरली आणि दिवाणी दावा लावायचा राहूनच गेला.

लोकअदालतीत मिटवलं तर नंतर अपील करता येतं का?

नाही. तिथला निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच आणि त्यावर अपील नाही, म्हणून सही करायच्या आधी प्रत्येक ओळ वाचा, चतुःसीमा सुद्धा. फायदा असा की भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि समोरचाही अपील करू शकत नाही.

सुप्रीम कोर्टाने एसएलपी फेटाळली म्हणजे हायकोर्टाचा निकाल बरोबर ठरला का?

तसं धरू नका. एसएलपी म्हणजे स्पेशल लीव्ह पिटीशन, अपील करू द्या अशी परवानगी मागणं, राज्यघटनेच्या कलम १३६ खाली. कारण न देता एका ओळीत फेटाळली तर अर्थ एवढाच की आम्ही यात हात घालत नाही. त्यानंतर हायकोर्टात रिव्ह्यूही मागता येतो. सुप्रीम कोर्टातलाच रिव्ह्यू फेटाळला गेल्यावर उरते ती क्युरेटिव्ह पिटीशन, म्हणजे सुप्रीम कोर्टालाच चूक दुरुस्त करा म्हणून शेवटची विनंती, २००२ च्या रूपा हुर्रा निकालात सुरू झालेली, पण तिच्या भरवशावर घर विकू नका.

जिंकलो. आता ताबा कधी?

दरखास्त टाकल्यावर. हुकूमनामा आपण होऊन चालत जात नाही, त्याच्या अंमलबजावणीसाठी वेगळी दरखास्त करावी लागते, मुदत बहुतेक हुकूमनाम्यांना १२ वर्षं, पण "हे पाडा, ते काढा" असा आज्ञार्थी मनाई हुकूम असेल तर फक्त ३ वर्षं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. मग नोटीस, मग समोरच्याच्या हरकती, मग ताबा वॉरंट, बेलिफ, गरज पडली तर पोलीस बंदोबस्त, तो सुद्धा अर्ज करून आणि पैसे भरून.

आमच्यात भूमी अभिलेखचा माणूस मोजणीला आला, हद्दीच्या खुणा रोवल्या, बेलिफाने कब्जे पावती लिहिली. सव्वा गुंठा. वडिलांनी अंगठ्याजवळ चश्मा धरून ती पावती दोनदा वाचली, मग माझ्याकडे दिली आणि म्हणाले, हिची नक्कल कधी मिळते ते आत्ताच विचारून ये.

वकिलाला द्यायला पैसेच नाहीत तर?

जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या विधी सेवा कार्यालयात जा, कोर्टाच्या आवारातच असतं. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, कोठडीतले कैदी यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. अपिलासाठीही मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. जाताना निकालाची नक्कल बरोबर न्या, आणि नक्कल अजून काढली नसेल तर आधी तो अर्ज टाका, मग कार्यालयात जा.